पायऱ्या, गालिचा आणि वाक्यातला कर्ता

शक्य कर्मणी प्रयोग शिकवताना जिन्याचे उदाहरण द्यावे, ही आमच्या पिढीला वर्गातूनच मिळालेली सवय. 'आजोबांच्याने अजून जिना चढवतो', 'आजीच्याने आता जिना चढवत नाही'. क्रिया करण्याचे सामर्थ्य कर्त्याच्या अंगी आहे की नाही, एवढेच हे वाक्य सांगते. पण ते सांगण्यासाठी कर्त्याला '-च्याने' जोडून वाक्यात हजर ठेवते. मी हे उदाहरण वर्षानुवर्षे देत आले आहे. २०१५ च्या पावसाळ्यानंतर मात्र ते फळ्यावर लिहिताना हात क्षणभर थांबतो. त्याचे कारण एका गालिच्याशी आणि तो धुण्यासाठी घेतलेल्या यंत्राशी निगडित आहे. ते यंत्र निवडणाऱ्यांत मी होते.

आमच्या महाविद्यालयाचे सभागृह उतरत्या पायऱ्यांचे आहे. मधल्या दोन वाटांवर प्रत्येकी बावीस पायऱ्या. व्याख्यान चालू असताना उशिरा येणाऱ्यांची पावले वाजू नयेत म्हणून सभागृह बांधतानाच या पायऱ्यांवर मरून रंगाचा गालिचा चिकटवून टाकलेला. गालिचा हा शब्द मी लिहिते आहे. कार्यालयात, दरपत्रकात आणि सगळ्यांच्या तोंडी तो 'कार्पेट'च. आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याजवळचे, पावसाचे. जून ते सप्टेंबर सभागृहाला एक ओलसर वास येई आणि पहिल्या रांगेतले पाहुणे शिंकत. झाडणे रोज होत होते. पण गालिच्याच्या बाबतीत केरसुणी वरवरचा केर पुढे ढकलते आणि बारीक धूळ लवेच्या मुळाशी उतरवते. पायऱ्यांवर तर ही धूळ दोन ठिकाणी दडून बसते : पायरीचा आडवा भाग उभ्या भागाला मिळतो त्या कोपऱ्यात, आणि पायरीच्या कडेवर, जिथे प्रत्येक पाऊल घासून जाते. जमिनीवरच्या गालिच्याला कोपरे चार असतात. बावीस पायऱ्यांच्या गालिच्याला प्रत्येक पायरीगणिक नवा कोपरा असतो.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस नॅकची समिती भेट देणार होती. प्राचार्यांनी तीन जणांची खरेदी समिती नेमली : पदार्थविज्ञानाचे एक सर, कार्यालयाचे अधीक्षक आणि मी. माझी नेमणूक का, याचे उत्तर प्राचार्यांनी मोकळेपणाने दिले. मागणीपत्र नीट मराठीत लिहिले जावे, अशी त्यांची इच्छा होती. मी ते लिहिले. त्यातले एक वाक्य अजून पाठ आहे : 'यंत्र सभागृहातील सर्व पायऱ्यांपर्यंत सहज नेता येण्याजोगे असावे व त्याद्वारे गालिच्याची संपूर्ण स्वच्छता करण्यात यावी.' वाक्य निर्दोष होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. अधीक्षकांनी ते वाचून मान डोलावली होती.

तीन दरपत्रके आली. पहिले होते एकच मोठी गोल चकती फिरवणाऱ्या घासणीयंत्राचे. चकतीचा व्यास सतरा इंच आणि आमच्या पायरीची रुंदी बारा. ते सरांनी फूटपट्टी न काढताच बाद केले. दुसरे होते गालिच्यावर पाणी फवारून ते लगेच ओढून घेणाऱ्या मोठ्या यंत्राचे : टाकी चाळीस लिटरची, स्वतःचे वजन चौतीस किलो, दोन मोटरी, जोरदार पंप. तिसऱ्या दरपत्रकातले यंत्र त्याच जातीचे, पण नऊ लिटर टाकीचे, सुटकेसएवढे. तुलनात्मक तक्त्यात रकाने होते क्षमता, मोटर, हमीचा काळ, किंमत. दर लिटरमागे किंमत काढली तर दुसरे यंत्र स्वस्त ठरत होते, आणि 'धंदेवाईक दर्जाचे' हे शब्द त्याच्याच पत्रकावर होते. लहान यंत्र घरगुती वाटले. विक्रेत्याने प्रात्यक्षिकही दाखवले. ते त्याने रंगमंचावर अंथरलेल्या सतरंजीच्या तुकड्यावर दाखवले, म्हणजे सभागृहातल्या सर्वांत सपाट जागी. काळे पाणी टाकीत चढताना पाहून आम्ही तिघेही प्रभावित झालो.

सभागृह झाडणाऱ्या मावशी मागच्या दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या कंत्राटदारामार्फत कामाला होत्या. वय पन्नाशीच्या पुढचे. विक्रेता गेल्यावर त्यांनी मला विचारले, "मॅडम, ह्ये वर न्यायचं कुनी?"

मी म्हटले, "बघू मावशी, काहीतरी व्यवस्था होईल."

तुलनात्मक तक्त्यावर त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी सह्या केल्या.

पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम आटोपल्यावर धुलाई ठरली. श्रावण नुकताच लागला होता. यंत्र चौतीस किलोचे, त्यात चाळीस लिटर पाणी. पाण्याचे लिटर आणि किलो सारखेच, म्हणजे चौऱ्याहत्तर किलो. शिवाय हे वजन काम करताना कमी होत नाही. स्वच्छ पाण्याच्या टाकीतले वजन मळक्या पाण्याच्या टाकीत जाते इतकेच. हे साधे गणित आमच्या तक्त्यात कुठेच नव्हते. दोन शिपायांनी यंत्र चार पायऱ्या वर चढवून पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले. मग एक तोड निघाली : यंत्र खालीच ठेवायचे आणि जोडपाइप लावून फक्त नळी वर न्यायची. त्यात एक अडचण होती, ती मला नंतर कळली. नळी जितकी लांबते तितकी ओढण्याची ताकद कमी होते. पंपाचा दाब मात्र फारसा उतरत नाही. फवारा पूर्ण जोराने आणि ओढ अर्धवट, अशी स्थिती आली. गालिच्याला साधारण शंभर पीएसआयचा दाब पुरतो. आमचा पंप त्याच्या दुपटीहून अधिक दाब देत होता. पाणी लवेतून आत, पाठीपर्यंत गेले, आणि पायऱ्या असल्यामुळे तिथून खालच्या कडेकडे उतरत राहिले.

त्या गालिच्याची पाठ ज्यूटची होती. ज्यूट फार भिजले की त्यातला तपकिरी अंश पाण्यात उतरतो आणि वरचा थर वाळताना पाण्याबरोबर लवेच्या टोकापर्यंत चढतो. तिसऱ्या दिवशी पायऱ्यांच्या कडांवर चहा सांडल्यासारखे डाग दिसू लागले. गालिचा चौथ्या दिवशीही ओलाच होता. सगळ्यांनी डागांची चर्चा केली. पण त्याआधी, धुलाईच्या दिवशीच दुपारी, मावशी खालून नवव्या पायरीवरून घसरल्या होत्या. एका हातात फूटभर रुंदीचे लोखंडी फवारणीचे तोंड, जे पायरीवर धड बसतही नव्हते, दुसऱ्या हाताने ओढलेली नळी, पायाखाली ओल. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

कंत्राटदाराचे उत्तर सरळ होते : हजेरी नाही तर पगार नाही. महाविद्यालयाचे उत्तर त्याहून सरळ होते : त्या आमच्या कर्मचारी नाहीत. स्टाफरूममध्ये आम्ही वर्गणी काढली. रक्कम एका पाकिटात घालून मी त्यांच्या घरी गेले. मावशींनी पाकीट घेतले, चहा केला. डाव्या हाताने साखर घालताना थोडी सांडली. मग म्हणाल्या, "मॅडम, मदत नको म्हनत न्हाई. पन पगार आसता तर बरं झालं आसतं."

नॅकची समिती आली आणि गेली. सभागृहात ती वीस मिनिटे होती. पायऱ्यांकडे कोणी पाहिले नाही.

त्या दिवसांत मी दोन कामे एकदमच करत होते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला जनाबाई शिकवत होते, आणि घरी रात्री गालिचे कसे धुतात याविषयी मिळेल ते वाचत होते. जनाबाईच्या अभंगांविषयी वर्गात सांगताना आपण सहसा विठ्ठल तिच्या घरकामात हात लावतो या नवलाजवळ थांबतो. त्या वर्षी मला दुसरीच गोष्ट दिसू लागली : दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे या कामांची तिथे नावनिशीवार नोंद आहे, आणि ती करणारीचे नावही नाममुद्रेत शेवटी ठसठशीत येते. काम झाले असे जनी म्हणत नाही. काम कोण करते हे ती सांगते. माझ्या मागणीपत्रात 'नेता येण्याजोगे' होते, 'करण्यात यावी' होते. नेणारी आणि करणारी नव्हती. कार्यालयीन मराठीची ही रचना आपण सौजन्याची समजतो, कारण ती कोणाकडे बोट दाखवत नाही. पण जिला नेहमी ओझे उचलायचे असते, तिच्याकडेही ती बोट दाखवत नाही. माझे 'व्यवस्था होईल' हे उत्तरही त्याच घडणीचे होते. ते मी तोंडी, सहज दिले होते. म्हणजे ती रचना एव्हाना माझ्या बोलण्यातही मुरली होती.

वाचनात जे सापडले त्यातला एक भाग मला अनपेक्षित होता. गालिचा झाडण्याच्या यंत्रांचा इतिहास बऱ्याच अंशी झाडणाऱ्यांच्या अडचणींतून घडलेला आहे. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स येथे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या मेल्विल बिसेल यांनी १८७६ साली फिरत्या ब्रशाच्या झाडणीचे पेटंट घेतले, ते भांड्यांच्या बांधणीतला भुसा दुकानातल्या गालिच्यात अडकून बसे म्हणून. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली धूळ ओढणारे यंत्र बनवले. ते इतके अवजड होते की घोड्यांनी ओढून रस्त्यावर उभे करत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ झाले. विलायत-अमेरिकेतले व्यावसायिक सफाईवाले आजही हीच युक्ती वापरतात : यंत्र रस्त्यावरच्या गाडीत आणि नळी जिन्यावर. तिथे हे साधते, कारण गाडीतल्या इंजिनाची ओढ लांब नळीला पुरून उरते. आम्ही तीच युक्ती विजेच्या छोट्या मोटरवर करू पाहिली होती.

आणि जेम्स मरे स्पँग्लर. ओहायो राज्यातल्या कँटन शहरात एका मोठ्या दुकानात तो झाडूवाला होता. साठीच्या घरातला, दम्याने बेजार. हातात असलेल्या झाडणीने उडणारी धूळ छातीला सोसेना, तेव्हा त्याने पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून आपल्यापुरते एक यंत्र केले. १९०८ साली त्याचे पेटंट मिळाले. पुढे ते हूवर यांनी विकत घेतले आणि यंत्राला त्यांचेच नाव लागले. नाव कोणाचे झाले हा भाग सोडला, तर मला महत्त्वाचे वाटले ते एवढेच की त्या यंत्राचे वजन, दांड्याची लांबी, पिशवीची जागा हे सारे ते रोज हातात धरणाऱ्याने ठरवले होते. स्पँग्लरच्याने जेवढे उचलवत होते, तेवढेच त्या यंत्राचे वजन होते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा यंत्र घेण्याचा प्रस्ताव दिला. आधीच्या यंत्राचे काय, हा प्रश्न आला. त्याचे उत्तर मी लेखी दिले, आणि त्यात 'आम्ही चुकीचे यंत्र निवडले' असे कर्तरी वाक्य लिहिले. अधीक्षकांनी ते 'निवडीत त्रुटी राहिली' असे करून मागितले. मी केले नाही. सर माझ्या बाजूने उभे राहिले, हे इथे नमूद केले पाहिजे. या वेळी समितीच्या बैठकीला मावशींना बोलावले. त्या खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. शेवटी बैठकच सभागृहाच्या पायऱ्यांवर घेतली. नियम एकच केला : ज्याची तक्त्यावर सही, त्याने प्रत्येक यंत्राने अकरा पायऱ्या स्वतः साफ करायच्या.

अकरा पायऱ्यांनी जे शिकवले ते कोणत्याही दरपत्रकात नव्हते. पहिली गोष्ट, पाणी हे शेवटचे काम आहे. गालिच्यातली बहुतेक घाण कोरडी असते आणि ती कोरडी असतानाच ओढून घ्यावी लागते. पाणी पडले की तिचा चिखल होतो. तेव्हा पहिली खरेदी कोरड्या व्हॅक्यूमची. मी पाठीवर दप्तरासारखे बांधायचे व्हॅक्यूम मनाशी निवडून ठेवले होते. वजन पाच किलो, दोन्ही हात मोकळे. जिन्यासाठी यापरते काय हवे? मावशींनी ते चढवले आणि सातव्या पायरीवर उतरवले. कमरेचा पट्टा निऱ्यांवर बसत नव्हता आणि खांद्याच्या पट्ट्यात पदर अडकत होता. ते यंत्र पँट घालणाऱ्या अंगासाठी घडवलेले होते. मी स्वतः साडी नेसून ते पाहिले, तेव्हा मलाही ते पाचव्या पायरीवरच नकोसे झाले. शेवटी त्यांनी निवडले ते सपाट बुडाचे, सहा किलोचे, बारा इंची पायरीवर न डगमगता बसणारे लहान डब्याचे यंत्र. नळी एवढी लांब की डबा एका पायरीवर ठेवून चार-पाच पायऱ्या होतात, मग डबा उचलून पुढे. यंत्राचे बूड पायरीच्या रुंदीशी ताडून पाहावे, हे सरांच्या आणि माझ्या डोक्यात आले नव्हते. मावशींनी ते वितीने मोजले.

दुसरी गोष्ट, पाण्याच्या यंत्रात टाकीचा आकार मिरवण्याचा नसतो. आदल्या वर्षी घरगुती म्हणून नाकारलेले नऊ लिटरचेच यंत्र आम्ही घेतले. त्याचे तोंड चार इंची, हातात धरायचे. ते आडव्या भागावर, उभ्या भागावर आणि मधल्या कोपऱ्यातही बसते. टाकी अर्धीच भरायची, म्हणजे उचलवते. पंप मवाळ. एकदा फवारा मारून ओढले, की पाणी बंद करून नुसती ओढ आणखी दोनदा. वाळण्याचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. उरलेला निम्मा सोडवायला जमिनीवर ठेवायचे दोन झोतपंखे. काम नेहमी वरून खाली, म्हणजे ओल्या पायरीवर पाय ठेवायची वेळ येत नाही. रंगमंचाजवळचा एकुलता एक प्लग बदलून मधल्या टप्प्यावर नवा घेतला आणि त्याला वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवला. आणि जून ते सप्टेंबर पाणी बंद. त्या काळात गरज पडलीच तर पाणी जवळजवळ न लागणारा शाम्पू वापरायचा. तो वाळला की मळ त्याच्या कणांत बांधला जातो आणि कोरड्या यंत्राने ओढून घेता येतो.

या सगळ्याची किंमत आधीच्या एका मोठ्या यंत्राहून थोडी अधिकच झाली. तक्त्यात मी एक नवा रकाना घातला होता : 'कोण उचलणार'. छापील नमुन्यात त्याला जागा नव्हती, म्हणून तो समासात हाताने आखला. लेखापरीक्षकांनी त्याच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. आक्षेप मात्र घेतला नाही.

इथे गोष्ट संपवली तर ती फार नीटस होईल. मावशींचे मनगट जुळले, पण पिळा देण्याचे काम त्यांना पुन्हा नीट जमले नाही. म्हणून पंखे आणि डबा उचलायला दुसरा माणूस कायमचा नेमावा, असा अर्ज मी दोनदा दिला. दोन्हींवर 'विचार करण्यात येईल' असा शेरा आला. सहा आठवड्यांचा पगार त्यांना कधीच मिळाला नाही. २०१९ साली त्यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण मुलीला पाठीवरचे यंत्र आवडले असते, कारण ती सलवार-कमीज घालते. तेव्हा आमची निवडही सर्वांसाठी योग्य होती असे म्हणता येत नाही. ती एका व्यक्तीसाठी योग्य होती, आणि तिला विचारून केली होती.

मोठे यंत्र रंगमंचाखालच्या खोलीत आहे. दरवर्षी जडसंग्रहाची मोजणी होते, तेव्हा यादीत त्याच्यापुढे 'चालू स्थितीत' असे लिहिले जाते, आणि ते खरेही आहे. मोजणी करणाऱ्यांत मी असले की त्या ओळीखाली सही करताना २०१५ चा तक्ता आठवतो. त्यावरच्या तीन सह्यांत माझी मधली आहे.

वर्गात शक्य कर्मणीचे उदाहरण मी अजून जिन्याचेच देते. आजोबा आणि आजी मात्र काढून टाकले आहेत. फळ्यावर लिहिते : 'मावशींच्याने हे यंत्र उचलवत नाही.' मुले उतरवून घेतात. कर्ता ओळखा म्हटले की बहुतेकांचे उत्तर बरोबर येते.